माऊ, हात सोड ना!

एका पायावर दहा सेकंद उभं राहणं ही तुमच्या-माझ्यासाठी फार तर पार्टीतली गंमत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मात्र स्वतःची पँट स्वतः घालणं, जिना एकट्याने उतरणं आणि बसमध्ये आईचा हात न धरता चढणं, हे सगळं त्या दहा सेकंदांवर अवलंबून असतं. आणि हा तोल शिकवता येतो, बरं का!

पॅन्ट्रीत कॉफी मशिनसमोर रांग आहे? मस्त. मोबाइल खिशात टाका, एक पाय जमिनीवरून उचला आणि मनातल्या मनात आकडे मोजा. दहा, वीस, तीस... सोप्पंय ना? आता तेच डोळे मिटून. बघता बघता घोटा थरथरायला लागतो, दोन्ही हात आपोआप पसरतात आणि अकाउंट्समधल्या कुणाचा तरी खांदा धरावा लागतो. (कुणाचा धरायचा हे आधीच ठरवून ठेवलंत तर आमची काही हरकत नाही.)

आता गंमत बाजूला. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीवर डोरेमॉनचं स्टिकर लावून, घरातल्या तिघांनी आरडाओरडा करूनसुद्धा माझ्या भाच्याला एका पायावर जेमतेम दोन सेकंद उभं राहता यायचं. तो नऊ वर्षांचा आहे, डोंबिवलीला राहतो, क्रिकेटचा किडा आहे, मला माऊ म्हणतो आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. दोन सेकंद म्हणजे नेमके किती? उभ्याने पँटमध्ये पाय घालायला ते पुरत नाहीत. जिना चढताना प्रत्येक पायरीवर क्षणभर आपण एकाच पायावर असतो, तिथेही पुरत नाहीत. स्टेशनच्या ब्रिजवर समोरून लोंढा आला की तर विचारूच नका. त्यामुळे त्याचा एक हात कायम कुणाच्या तरी हातात. घरात, शाळेत, लग्नकार्यात, सगळीकडे.

गेल्या वर्षी त्याच्या शाळेतल्या फिजिओथेरपिस्टने तीन महिन्यांचा बॅलन्स ट्रेनिंगचा प्रोग्राम आखून दिला. मंगळवारी आणि गुरुवारी शाळेत, शनिवारी घरी. भावजींची शिफ्ट ड्युटी आणि ताईचा गुडघा दुखावलेला, म्हणून शनिवार माझ्या गळ्यात पडला. (फ्रीलान्सरलाही वीकेंड असतो हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.) त्या तीन महिन्यांत मी पार्किंगमध्ये खडूने रेघा मारल्या, गादीच्या घड्या घातल्या, फिजिओला प्रश्न विचारून हैराण केलं आणि या विषयावरचं हाताला लागेल ते वाचून काढलं. त्यातून कळलेल्या गोष्टी शेअर करायच्या म्हणून हा लेखप्रपंच.

तीन खबरे, एक बॉस

तोल म्हणजे पायातली ताकद, असा माझा तरी सरळ हिशेब होता. ताकद लागतेच, पण तो या प्रकरणातला एक भाग झाला. आपण सरळ उभे आहोत की कलतोय याच्या बातम्या मेंदूला तीन ठिकाणांहून येतात. पहिला खबरी म्हणजे डोळे. दुसरा कानाच्या आत बसलेला. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो आणि डोकं वळलं की तो हलतो. बाजूलाच बारीक खडे असलेल्या पिशव्या असतात, वर-खाली आणि पुढे-मागे होण्याची खबर त्या देतात. तिसरा खबरी तळपायात, घोट्यांत, सांध्यांत आणि स्नायूंत पसरलेला. जमीन कडक आहे की मऊ, घोटा किती वळलाय, हे तो कळवतो. या तिन्ही बातम्या जुळवून कुठल्या स्नायूने कधी आवळायचं याची ऑर्डर काढायचं मोठं काम लहान मेंदूकडे.

पॅन्ट्रीत तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा एक खबरी रजेवर गेला. उरलेल्या दोघांनी कसंबसं निभावलं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत हे खबरे आपापलं काम करत असले तरी बातम्या जुळवायला वेळ लागतो. ऑर्डर उशिरा निघते. आपण वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलतो ना, त्याच्या क्षणभर आधीच पोटाचे, पाठीचे आणि पायाचे स्नायू आवळलेले असतात. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार हे मेंदूने आधीच ओळखलेलं असतं. ही आगाऊ तयारीच या मुलांमध्ये ढिली पडते. म्हणून चेंडू पकडायला हात पुढे केला की पोरगं चेंडूसकट पुढे जातं.

डाऊन सिंड्रोममध्ये यात आणखी भर पडते. 21व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असल्यामुळे होणारी ही अवस्था. जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरने 1866 मध्ये तिचं वर्णन केलं आणि फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये जादा गुणसूत्राचं कारण जगासमोर मांडलं. या मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात, सांध्यांना बांधून ठेवणारे बंध लवचीक असतात आणि लहान मेंदूचा आकारही सरासरीपेक्षा कमी असतो. म्हणून जिथे बाकीची मुलं वर्षाच्या आसपास चालायला लागतात, तिथे डाऊन सिंड्रोम असलेली मुलं सरासरी दोन वर्षांची होईपर्यंत वेळ घेतात. निम्म्याहून जास्त मुलांना डोळ्यांची काही ना काही तक्रार असते आणि ऐकण्याच्या तक्रारीही तितक्याच कॉमन. म्हणजे खबरीही पूर्ण फिट नाही! म्हणूनच व्यायाम सुरू करण्याआधी फिजिओने ताईला आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितलं. भाच्याला चष्मा लागला. नुसत्या चष्म्याने जिन्यावरची त्याची भीती थोडी कमी झाली, हे मी स्वतः पाहिलंय.

पडेल ना तो!

पण सगळा दोष मेंदूवर आणि स्नायूंवर ढकलून चालत नाही. तुमचा-आमचा तोल कुठे तयार झाला ते आठवा. लंगडी, ठिकरी, लगोरी, विषामृत. आंब्याच्या झाडावर चढलो, कंपाउंडच्या भिंतीवरून चाललो, फुगडी घालून गरगरून पडलो. कुणी आपल्याला बॅलन्स ट्रेनिंग दिलं नाही, कारण आपण दिवसातून पन्नास वेळा पडत होतो आणि उठत होतो. ठिकरीचा खेळ घ्या. एका पायावर उडी, रेघेवर पाय पडू द्यायचा नाही, वाकून ठिकरी उचलायची, वळायचं. एखाद्या फिजिओला संध्याकाळभर बसवून प्रोग्राम लिहायला सांगितला तरी याहून चांगला लिहिता येणार नाही.

माझ्या भाच्यासारख्या मुलांना हे मिळतच नाही. घरचे भीतीने हात सोडत नाहीत. सोसायटीतली मुलं टीम पाडताना त्याला कच्चा लिंबू करतात, म्हणजे तो खेळात आहे पण खेळत नाही. एका स्केटिंग क्लासने ताईकडून फॉर्म भरून घेतला आणि मुलाला पाहिल्यावर जागा फुल्ल झाल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलीला तिथे अॅडमिशन मिळाली. ताई काही बोलली नाही. घरी येऊन तिने भांडी जरा जोरात घासली, इतकंच.

मग काय होतं? तोल कच्चा म्हणून खेळ नाही, खेळ नाही म्हणून तोल आणखी कच्चा. जोडीला वजन वाढतं, वजन वाढलं की हालचाल आणखी कमी. या मुलांचा तोल जेवढा कमी दिसतो त्यातला बराच भाग जन्माने दिलेला नाही, तो आपण त्यांना घरात बसवून तयार केलेला आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

यातली आनंदाची बाजू अशी की जे सरावाअभावी राहिलंय ते सरावाने परत मिळवता येतं.

पार्किंगमधलं जिम

सुरुवात झाली मोजण्यापासून. पीडियाट्रिक बॅलन्स स्केल नावाची एक चाचणी आहे. मोठ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बर्ग बॅलन्स स्केलवरून मुलांसाठी केलेली. एकूण 14 कामं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, पैकीच्या पैकी मिळाले तर 56. कामं अगदी साधी: खुर्चीतून हात न टेकता उठणं, आधाराशिवाय उभं राहणं, एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभं राहणं, गोल गिरकी घेणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, पाटासारख्या उंचवट्यावर आळीपाळीने पाय ठेवणं. महागडं मशिन वगैरे काही लागत नाही. स्टॉपवॉच, पट्टी, खुर्ची, बास. मला ही चाचणी आवडली कारण ती मूल कितवी पास आहे हे विचारत नाही. त्याला काय जमतं आणि नेमकं कुठे अडतं, एवढंच सांगते. आमचा गडी बसून उठण्यात पक्का निघाला, एका पायावर आणि मागे वळून बघण्यात अडकला.

मग शनिवार. सकाळी आठ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्या निघून गेल्यावर. साहित्यात रंगीत टेप, खडू, गादी, दोन उशा, जेवायला बसायचा पाट, प्लास्टिकचा बॉल आणि पाण्याचा ग्लास. एकूण खर्च दीडशे रुपयांच्या आत, तोही टेप आणि बॉलचा.

आधी वॉर्मअप म्हणून गाण्यावर नाच. मग टेपच्या सरळ पट्टीवरून चालणं, आधी साधं, मग टाचेला बोटं चिकटवून मुंगीच्या पावलांनी. मग पाटावर चढ-उतर, आधी उजवा पाय पुढे, मग डावा. मग उठाबशा, पण मागे खुर्ची ठेवून. त्यानंतर त्याचा सगळ्यात लाडका खेळ, स्टॅच्यू! गाणं थांबलं की जिथे असेल तिथे पुतळा. स्टॅच्यू म्हणजे चालता चालता अचानक थांबणं, आणि अचानक थांबताना तोल सावरणं ही फार वरची पातळी आहे हे मला आधी ठाऊक नव्हतं. शेवटी घडी घातलेल्या गादीवर उभं राहून बॉल झेलायचा. गादी मऊ असल्यामुळे तळपायाच्या खबऱ्याला नीट बातमी मिळत नाही, मग बाकीच्या दोघांना जास्त काम करावं लागतं. तिथूनच ट्रेनिंग सुरू होतं.

फिजिओचा एक नियम मला आजही वापरावासा वाटतो, अगदी इंटर्नला काम सांगतानासुद्धा. एका वेळी एकच सूचना, तीही छोटी, आणि आधी स्वतः करून दाखवायचं. गुडघा वाक, पाठ सरळ ठेव, पोट आत घे, असं सगळं एकदम सांगितलं की मूल गोंधळून जागच्या जागी थांबतं. त्याऐवजी भिंतीवर एक चांदणी चिकटवायची आणि चांदणीला हात लाव म्हणायचं. हात वर गेला की पाठ आपोआप सरळ होते. शरीराचा भाग सांगण्यापेक्षा बाहेरचं निशाण दाखवणं जास्त काम करतं. क्रम दर वेळी तोच ठेवायचा. आपल्याला बोअर होतं, त्यांना नाही. पुढे काय येणार हे कळलं की ती मुलं जास्त मोकळी होतात.

आणि अवघड करत न्यायचं, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून. पायांतलं अंतर कमी केलं तर जमीन तीच ठेवायची. गादीवर आणलं तर डोळे उघडेच ठेवायचे. सातव्या-आठव्या आठवड्यात पाण्याचा ग्लास आला. चालता चालता पाणी सांडू द्यायचं नाही. तोवर ऐटीत चालणारा आमचा हिरो ग्लास हातात येताच पुन्हा पहिल्या दिवसासारखा डगमगायला लागला. फिजिओच्या लेखी हे अपेक्षितच होतं. दोन गोष्टींवर एकदम लक्ष द्यायची वेळ आली की मेंदूची ताकद वाटली जाते आणि या मुलांना त्याची किंमत जास्त मोजावी लागते. पण खऱ्या आयुष्यात रिकाम्या हाताने कोण चालतं? दप्तर असतं, डबा असतो, कुणीतरी हाक मारतं. म्हणून ग्लासचा खेळ सोडायचा नाही.

तीन महिन्यांनी एका पायावर दोनाचे सात सेकंद झाले. डोळे मिटून मात्र काहीही फरक नाही, मिटले की तो लगेच माझ्या कुर्त्याची बाही पकडतो. सरकत्या जिन्याला तो आजही घाबरतो, मॉलमध्ये आम्ही लिफ्टच घेतो. पण सकाळी शाळेची पँट तो उभ्याने घालतो, एक हात कपाटाला टेकवून. आणि बिल्डिंगचे दोन मजले उतरताना मला सांगतो, माऊ, हात सोड ना!

संशोधन काय म्हणतं

एका भाच्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढं मासकॉमला आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा थोडं बाहेर बघू.

या विषयावर देशोदेशी बरेच अभ्यास झालेत. बहुतेकांचा साचा सारखा: आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा ते एक तास, आठ ते बारा आठवडे. कुणी बॅलन्स बोर्ड वापरला, कुणी पायांची आणि पोटापाठीची ताकद वाढवली, कुणी दोरीच्या उड्या, कुणी तायक्वांदो, कुणी टीव्हीसमोर उभं राहून खेळायचे व्हिडिओ गेम. असे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा सूर बऱ्यापैकी सारखा आहे. व्यायामाने तोल सुधारतो. पण बहुतेक अभ्यासांत मुलं थोडी, बरेचदा वीस-तीसच, आणि ट्रेनिंग थांबल्यावर पुढे काय झालं हे फार कमी जणांनी तपासलेलं. म्हणून अमुकच व्यायाम बेस्ट, असं कुणी ठासून सांगितलं आणि सोबत पॅकेजचा रेट सांगितला तर जरा सावध व्हा.

मला सगळ्यात भारी वाटलेला अभ्यास डेल उलरिक या अमेरिकन संशोधकाचा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांना, होय बाळांना, घरच्या घरी छोट्या ट्रेडमिलवर चालवलं. आई किंवा बाबांनी बाळाला काखेत धरायचं आणि पाय पट्ट्यावर टेकवायचे. रोज आठ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. 30 कुटुंबं होती. 2001 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ट्रेडमिलवरची बाळं इतरांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी स्वतःच्या पायांवर चालायला लागली. तीन महिन्यांहून जास्त! आणि ज्या बाळाला तीन महिने आधी चालता येतं, ते तीन महिने आधी स्वयंपाकघरातले डबे उघडतं, कोपऱ्यात जातं, जग बघतं.

याच उलरिकनी पुढे सायकलचा अभ्यास केला. दुचाकी सायकल म्हणजे तोलाची पदवी परीक्षाच. मागच्या चाकाऐवजी लाटण्यासारखा रुंद रोलर लावायचा आणि मूल सरावलं की हळूहळू जास्त निमुळता रोलर लावत जायचं, ही आयडिया रिचर्ड क्लाइन या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांची. पाच दिवसांचं शिबिर, रोज सव्वा तास. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना पाच दिवसांत सायकल जमली. ज्यांना जमली, ती वर्षभरानंतर बसून राहण्यात कमी वेळ घालवत होती. आपल्याकडे असा रोलर मला कुठल्या दुकानात दिसलेला नाही. पण वेल्डिंग करणारा एखादा हौशी माणूस तुमच्या ओळखीत असेल तर माझ्या ताईला कळवा.

ग्रीसमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये ट्रॅम्पोलिनवर बारा आठवडे उड्या मारायला लावल्या आणि तोल सुधारल्याचं दाखवलं. मात्र त्या मुलांना डाऊन सिंड्रोम नव्हता, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

कारण आता एक सिरियस गोष्ट. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके एकमेकांवर जरा जास्तच सरकतात. एक्स-रे काढले तर दहा ते वीस टक्के मुलांमध्ये हे दिसतं. प्रत्यक्ष त्रास एक-दोन टक्क्यांनाच होतो, पण झाला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून कोलांट्या, शीर्षासन, हलासन, डोक्यावर भार देणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की या मुलांना सहा वर्षांपर्यंत ट्रॅम्पोलिनवर सोडूच नये आणि नंतरही जाणकार माणूस शेजारी उभा असेल तरच. मॉलमधल्या गेम झोनमध्ये पाचशे रुपयांचं तिकीट काढायच्या आधी हे लक्षात ठेवा. चालण्यात अचानक बदल झाला, मान दुखायला लागली, हातापायातली ताकद कमी वाटली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर. झटके येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही आधी डॉक्टरांशी बोलायचं, मग पार्किंग.

तुम्ही कुठे येता यात?

मतिमंद हा शब्द आता सरकारी कागदांवरूनही मागे पडत चाललाय. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता हा शब्द आहे, आणि खेळात सहभागी होणं हा हक्क म्हणून त्यात वेगळ्या कलमात लिहिलेला आहे. स्केटिंग क्लासवाल्यांनी ते वाचलेलं नसावं. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात धरलेला आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर उपचार करणारी केंद्रं आहेत, तिथे फिजिओथेरपी फुकट मिळते. ताईला हे मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या ऑफिसात कुणाच्या घरी असं बाळ आलं असेल तर एवढी माहिती पोचवा. सहानुभूतीच्या मेसेजपेक्षा ती जास्त कामाची.

महाराष्ट्रात या मुलांसाठीच्या शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत शिवडीची जय वकील 1944 पासून, पुण्यात कामायनी 1964 पासून, नाशिकमध्ये प्रबोधिनी 1977 पासून. खेळाचं म्हणाल तर स्पेशल ऑलिंपिक्सची सुरुवात 1968 मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाली. सुरू करणाऱ्या युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या स्वतःच्या बहिणीला, रोझमेरीला, बौद्धिक अक्षमता होती. स्पर्धेत उतरायला वय आठ लागतं, पण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी यंग अॅथलिट्स नावाचा प्रोग्राम आहे. त्यात चालणं, तोल, उड्या, फेकणं-झेलणं एवढंच खेळातून शिकवतात. तीव्र अक्षमता असलेल्यांसाठी वेगळा प्रोग्राम आहे, त्यात हरणं-जिंकणं नाही. 2023 मध्ये बर्लिनला झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये भारताच्या टीमने 202 पदकं आणली. तेव्हा आपण सगळे क्रिकेटवर बोलत होतो. 2025 मध्ये आमिर खानचा 'सितारे जमीन पर' आला आणि बास्केटबॉल खेळणारी दहा मुलंमुली पडद्यावर दिसली, तेव्हा कुठे आमच्या ग्रुपवर पहिल्यांदा विषय निघाला.

स्पेशल ऑलिंपिक्समध्ये युनिफाइड स्पोर्ट्स नावाचा एक प्रकार आहे. एकाच टीममध्ये बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू, शेजारी शेजारी. तुमच्यासारख्यांना थेट एंट्री इथे आहे. ऑफिसच्या सीएसआर डेला अशा शाळेत जाऊन केक कापून, फोटो काढून परत येण्यात मला स्वतःला फारसा रस नाही. मुलं खूश होतात हे खरं, पण दुसऱ्या दिवशी त्यांचा तोल तेवढाच असतो. त्यापेक्षा एखाद्या शाळेला विचारा की आठवड्यातून एक तास, सलग बारा आठवडे, कुणी बॉल फेकायला हवंय का. फिजिओ एकटी असते आणि मुलं वीस. गादीवर उभ्या मुलाच्या बाजूला हात पुढे करून, पण त्याला न धरता उभं राहणारा माणूस त्यांना कायम कमी पडतो.

धरायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तो डगमगला की आपला हात आपोआप पुढे जातो. फिजिओने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डगमगणं म्हणजेच व्यायाम चाललाय, पडायला लागला तरच धर. त्या दोन्हींतला फरक ओळखायला मला महिना लागला. ताईला दोन. भावजी अजून लांब उभे राहतात आणि बघतच नाहीत.

कुणी खरंच जाणार असाल तर स्पोर्ट्स शूज घाला, चपला नकोत, ओढणी घरी ठेवा, आणि स्टॅच्यूसाठी मोबाइलमध्ये पाच-सहा दणदणीत गाणी टाकून ठेवा. माझ्या भाच्याची फर्माइश 'झिंगाट'ची असते. बॉल मऊ घ्या, मोठा घ्या, आणि पहिल्यांदा लांबून फेकू नका.